कारखानीस आणि इतर

मार्चअखेरचा फॉर्म. डंडीत आज
टे नदीवर समुद्राचं धुकं इतकं दाट
की अर्धा पूल कुणी खोडरबरानं पुसलाय.
रकाना पहिला : एकूण शोधनिबंध. एकसष्ट.
रकाना दुसरा : इतरांनी किती वेळा दाखला दिला.
हा आकडा मी भरत नाही, यंत्रच आणतं,
रोज सकाळी थोडा फुगलेला,
रात्री भिजत घातलेल्या मटकीसारखा.

बाबांना हे कधी नीट सांगता आलं नाही.
'पेपर आला माझा,' म्हटलं की विचारायचे,
'कुठल्या पानावर?'
आणि एकदा, काळजीनं,
'या वयात अजून पेपर देतेस? सोपा गेला का?'
मिरजेच्या छापखान्यात चौतीस वर्षं खिळे जुळवले त्यांनी,
लग्नपत्रिका, पतपेढीचे अहवाल, दहाव्याच्या चिठ्ठ्या.
उलटी अक्षरं सुलट वाचायचे, चष्म्याशिवाय.
त्यांचं नाव एकाही कागदावर नाही.
एकदाच एका नवऱ्या मुलाचं आडनाव चुकलं,
त्याचा दाखला मात्र गल्ली अजून देते.

माझा लाडका निबंध वेगळाच.
सात वर्षं, एकशे बारा मूत्रपिंडांचे काप,
निष्कर्ष : आम्हाला वाटलं होतं तसं काही नाही.
दाखले चार. त्यातले दोन माझेच,
ओसाड स्टेशनवर
आपणच आपल्याला न्यायला यावं तसे.

आणि हा दुसरा. अडीच पानी.
कापांना रंग कसा चढवायचा, एवढंच.
दोन हजार तीनशे अकरा.
सेऊल, साओ पावलो, तार्तू, लखनौ,
जिथे कुणी मूत्रपिंडाचा काप काचेवर ठेवतं
तिथे पाचव्या पायरीवर माझं वाक्य येतं :
'खोलीच्या तापमानाला चाळीस मिनिटे.'

आधी वीस होती.
वीस मिनिटांत सगळं धूसर यायचं. आठ महिने धूसर.
ऐल्सा म्हणायची, नदीवरचं धुकं
आपणच कोटाला लावून आत आणतो.
त्या दिवशी काप द्रावणात सोडले आणि फोन वाजला.
भाऊ. त्याच्यामागे दारात चपला काढल्याचे आवाज,
एक जोड, आणखी एक, आणखी.
बोलणं चार मिनिटांचं.
पुढचं मला नीट माहीत नाही. खिडकी होती.
पुलावरून एडिंबराची गाडी गेली,
मग बऱ्याच वेळानं एक आली.
टायमर वाजून वाजून गप्प झाला होता.

टाकून द्यायच्या म्हणून काचा उचलल्या,
सवयीनं एक सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.
पेशींच्या कडा, एकेक,
नुकत्या जुळवलेल्या खिळ्यांसारख्या
ठसठशीत. उलट्या.
मला वाचता येत होत्या.

कारण निबंधात लिहिलं नाही. तसा रकाना नसतो.
'कारखानीस आणि इतर' एवढंच छापून आलं.
इतर म्हणजे ऐल्सा, फर्गस, आणखी दोघे.
बाकीचे जागेअभावी राहिले.

फॉर्ममध्ये शेवटी विचारलंय : प्रभाव. दोनशे शब्दांत.
कर्सर लुकलुकतोय,
आणि मधेच लीड्सहून एक पत्र येतं.
बेथन प्रिचर्ड, पहिलं वर्ष.
'मॅडम, चाळीसच का? कारण कुठेच सापडलं नाही.
तिसावर थांबलं तर चालेल का?
शेवटची बस साडेसहाची असते.'

उत्तर तीनदा लिहिलं.
एकात रसायनशास्त्र फार होतं, एकात मिरज.
पाठवलं ते असं :
'नाही चालणार. तेवढा वेळ लागतो.
मधे खिडकीपाशी जाऊन उभी राहिलीस
तरी हरकत नाही.'