अठरा

भिंतीवर हिरवा आकडा: अठरा.
खाली मी, पाठीला चिकटलेली कुर्ती,
आणि परभणीतला मे, ज्याला आकडे वाचता येत नाहीत.

मशीन चालायलंय. पाती हलतात,
बारीक घुंघुं आहे, मीटर तर पळतंच.
गारवा तेवढा नाही.

मी सगळं करून पाहिलं.
सेल बदलले. रिमोटवरचं बर्फाचं फूल तपासलं.
जाळी काढून मोरीत धुतली, जिंतूर रोडची धूळ निघाली,
अर्धी बादली गेली, तीही टँकरच्या आदल्या दिवशी.
खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलं.
लेक म्हणाली, "आई, हे खोटं बोलतंय."

कूलर नऊशेला विकला म्हणून
स्वतःलाच शिव्या घालत होते,
तर शेजारच्या धुतमलकाकू दारात:
"बाई, तुमच्या मशीनचं पाणी बंद झालंय की.
चार दिवस बादली कोरडी ठाक.
माझ्या कढीपत्त्यानं मान टाकली."
आमचं पाणी कुठं ठिबकतं,
हे मला ठाऊकच नव्हतं.

मुजीब चारला आला, डोक्याला ओला रुमाल.
मी म्हटलं, गॅस संपला असेल.
"तसं सगळेच म्हणतात. आधी बघू तर द्या."
जोडांना साबणाचं पाणी लावलं. एकही फुगा नाही.
मग बोळीत शिडी लावून चढला
आणि वरून पहिल्यांदाच हसला.
"मॅडम, याला वाकळ कुणी पांघरली?"

चार थरांची. हिरव्या लुगड्याचे तुकडे, टाके एकसारखे,
चारी कोपरे सुतळीनं बांधलेले.

काकू खिडकीशीच होत्या, तव्यावर भाकरी.
"काय करू मग? तुमचं सुरू झालं की
इकडं चुलीपुढं दुसरी चूल.
म्हटलं, झाकावं जरा."

मुजीब शिडीवरच थांबला.
"गारवा बनत नसतो, मॅडम.
आतली गरमी उचलायची, बाहेर ठेवायची,
हे एवढंच काम करतं."
बाहेर म्हणजे
त्या हातभर खिडकीत.

गाठी त्यानं सोडल्या, कापल्या नाहीत.
वाकळ घडी करून काकूंना दिली.
पाचव्या मिनिटाला लेक आतून ओरडली, "आलं, आलं!"
आणि बोळीत परातीतलं पीठ उडालं.
मीच बंद केलं.

गच्चीवर न्यायचं तर बारा फूट तांब्याची नळी,
स्टँड, मजुरी: अठ्ठेचाळीसशे.
पगार एक तारखेला. आज एकवीस.

तोवर असं ठरलंय:
स्वयंपाक उरकला की काकू भिंतीवर
दोनदा उलथणं वाजवतात,
मग मी रिमोट घेते. सव्वीसवर.

काल साडेनऊ झाले तरी उलथणं वाजेना.
त्यांच्याकडं पाहुणे होते, पुरणाचा वास येत होता.
आम्ही दोघी घामात बसून राहिलो,
सव्वाअकराला वाजलं.

सकाळी बादलीत तीन बोटं पाणी.
कढीपत्ता अजून ठरवायलाय.