उघडी

वरूडच्या रोडवर, माह्या पंक्चरच्या टपरीसमोर
नूरमोहम्मदच्या पोट्ट्यानं उभी केली ती,
एका पायावर, तिरपी,
पाणी पिऊन मागं वळून पाहणाऱ्या गोऱ्ह्यासारखी.

अंगावर एक पत्रा नाई.
चौकट दिसते, इंजिन दिसते,
रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं
बेनोड्याचं फुलपाखरूही दिसते.
म्हटलं, काहीच झाकलं नाई बाप्पा इनं,
माणसानं एवढं उघडं राहून दाखवावं.

"हवा पाहा काका," पोट्टं म्हणे.
हवा पाहता पाहता बाकीचंही पाहून घेतलं.
तीस वर्षं झाली, आवाजावरून सांगतो
कोणाचे टॅपेट सैल, कोणाची चेन कोरडी.
हिच्याजवळ कान नेला:
एकच सूर. कुठं बोट ठेवायले जागा नाई.
बिघडली तं लॅपटॉप लागते म्हणे, अमरावतीचा.
समोर सारी उघडी,
अन् माह्या पान्याले बंद.

कॅरिअर नाई. संत्र्याचा एक क्रेट बसणार नाई.
मागची सीट चिमणीले पुरंन एवढी.
कामाची काहीच नाई.

"किल्ली दे," म्हटलं.

कॅनॉलच्या पुलालोक गेलो.
तिसऱ्या गिअरात डोळ्यात पाणी आलं,
हवेचं होतं. बहुतेक हवेचंच.

रात्री पोटरीवर फोड.
शेवंता म्हणे, कायनं पोळलं?
म्हटलं, तव्यानं.
हातातली भाकर तशीच धरून
लय वेळ पाहत राहिली माह्याकडं:
"तव्याजवळ कवा गेल्ते तुमी?"