चतुःसीमा

दस्तात आधी दिशा येतात.
पूर्वेस : श्री. कोंढरे यांची मिळकत.
पश्चिमेस : नऊ फुटी बोळ.
उत्तरेस : याच सर्व्हे नंबरपैकी उर्वरित क्षेत्र.
दक्षिणेस : ओढा.
मधे जे उरतं त्याला
पुढची सतरा पानं 'सदर मिळकत' म्हणायचं.

सव्वीस वर्षं हेच टाइप करते मी
सब-रजिस्ट्रार कचेरीच्या समोर, जिन्याखाली,
झेरॉक्सवाल्या बागवानांच्या शेजारी.
टेबल माझं, प्रिंटर माझा,
जागा अकरा महिन्यांची, मग पुन्हा अकरा.
अकराच का हो, लोक विचारतात.
बाराव्या महिन्यात मालकाला झोप लागत नाही, मी सांगते.

साठेखत म्हणजे साखरपुडा.
सुपारी फुटली, पेढे वाटले,
मुलगी अजून तिच्या बापाच्या घरी.
बक्षीसपत्राला आलेले एक पेन्शनर
सगळं सुनेला देऊन टाकतो म्हणाले,
आणि शेवटच्या पानावर, बारीक आवाजात :
'वरच्या खोलीत तहहयात राहीन, एवढं घाला.'
घातलं. ठळक अक्षरात घातलं.
हिंजवडीतली नवराबायको विचारतात
जमीन आमचीच ना?
जमीन अजून बिल्डरची, कन्व्हेयन्स व्हायचंय.
तुमची म्हणजे चौथ्या मजल्यावरची
भिंतींच्या आतली हवा. तिचा हप्ता वीस वर्षं.
हसतात बिचारी. पेनं माझीच घेऊन जातात.

आज हक्कसोडपत्र.
लिहून घेणार : उल्हास बाजीराव थोपटे.
लिहून देणार : शैलजा,
आणि पुढे दोन आडनावं, कारण आधारवर एक आहे
आणि सातबाऱ्यावर दुसरं.

धनकवडीतला दीड गुंठा.
दादांनी वर्कशॉपच्या फंडातून घेतला,
सातबाऱ्यावर एकोणीस नावं, त्यांचं चौदावं.
आता माझा त्यात अविभाज्य निम्मा हिस्सा.
अविभाज्य म्हणजे ही खोली तुझी, ती माझी, असं नव्हे.
प्रत्येक फरशी निम्मी.
नळाची धार निम्मी.
दाराची कडी वाजते तो आवाजसुद्धा.
स्लॅबला एकवीस दिवस पाणी मात्र
सगळं मी मारलं, दहावीच्या परीक्षेआधी,
जिना नव्हता, शिडीवरून, कळशीनं.
त्याचा रकाना कुठल्याच उताऱ्यात नाही.

उल्हास चांगला आहे. दोन कटिंग घेऊन आलाय,
माझ्यात साखर कमी, आठवणीनं.
'ताई, तुला काय, तुझं तिकडं आहेच की.'
तिकडं नवऱ्याच्या नावावर आहे.
हे मी म्हटलं नाही. टाइप करत होते.

मग ती ओळ आली :
'राजीखुशीने, विनामोबदला,
कोणाच्याही दडपणाखाली न येता.'
आली म्हणजे, टाइप करावी लागत नाही.
साच्यात असते. एक बटण दाबलं की उमटते.
किती बायकांच्या नावापुढे
मी ही खुशी चिकटवली असेल,
त्या अंगठ्याची शाई पदराला पुसत असताना?

'ताई, बेचाळीस चाललंय. आपलं त्रेचाळीस.'

मी वर गेले. पानाच्या वर.
म्हटलं, उल्हास, दक्षिणेस ओढा लिहिलंय.
ओढा आहे का आता?
'पाइप टाकला ना महापालिकेनं. वर रस्ता झाला,
चायनीजची गाडी लागते.'
मग चतुःसीमा चुकली.
'काय फरक पडतो?'
फरक पडतो. आधी मोजणी आण.
ओढा कुठं गेला ते मला कळू दे.

त्यानं कपातली उरलेली साय बोटानं काढली,
काही बोलला नाही. हेल्मेट घेऊन गेला.
त्रेचाळीस आमच्याविना निघून गेलं.

चव्वेचाळीस माझंच गिऱ्हाईक.
वारज्याची बाई, सोबत दोन भाऊ,
कागद तयार, सही कुठं करू म्हणाली.
मी चष्मा पुसला.
म्हटलं, बसा. आधी वाचून दाखवते.
भाऊ म्हणाले, त्याची गरज नाही.
मी पूर्वेपासून सुरुवात केली.