मागची बाजू

फाळका निसटला तो उजव्या पायावर,
घोट्याच्या चार बोटं वर.
वाशीच्या दवाखान्यात सळई घातली,
डॉक्टर म्हणाले, तीन महिने पाय टेकवायचा नाही.
मी मनात फेऱ्या मोजल्या :
दिवसाच्या सहा, गुणिले नव्वद.

तुर्भे स्टोअरच्या खोलीला एकच खिडकी.
खिडकीत डोंगर,
म्हणजे डोंगराचा उरलेला भाग.
बावीस वर्षं त्याच्या अंगावर डंपर चढवला, उतरवला.
तो आरशात असायचा कायम, मागं मागं जाणारा.
समोरून असा
बसून कधी बघितलाच नव्हता.

दिव्यानीची शाळेतली रंगपेटी,
बारा वड्या.
गुलाबी कोरीकरकरीत, तपकिरीचा तळ दिसायला लागलेला.
"काढा ना काहीतरी पप्पा, नुसते ओरडता."
कागद नव्हता.
उशीखाली वजनकाट्याच्या पावत्या होत्या, रबर लावलेल्या,
गेल्या महिन्याच्या, हिशेब व्हायच्या राहिलेल्या.
एक उलटी केली.

डोंगर आला तो समोसा.
दुसऱ्यांदाही समोसाच.
बायको म्हणाली, चटणी पण काढा.

वरचा हिरवा जमला हळूहळू.
पण जिथं खणलंय
तो रंग कुठल्या वडीत नव्हता.
पिवळा नाही, राखाडी नाही.
सुरुंगाची धूळ खाली बसली
की आतला ओला दगड दिसतो ना एक क्षण,
कधी न बघितलेल्या उजेडानं दचकलेला,
तो.
आठ दिवस गेले. चहाचा गाळ लावून बघितला,
विटेचा चुरा लावून बघितला.
मग पट्टी बदलणाऱ्या पोरानं
पायावरची जाळी सोलली, आणि मी म्हणालो,
थांब, ती बाटली इकडं दे.
गाळात बेटाडीनचे दोन थेंब.
पोरगं बघत राहिलं.
मी पायाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं,
ब्रश टेकवला.

त्यानंतर दुखायचं थांबलं असं नाही.
रात्री सळई वाजायचीच आतल्या आत.
फक्त पहाटेची वाट बघायला लागलो,
कड्यावर ऊन कुठून उतरतं ते पकडायला.

यंकप्पा आला भेटायला, केळी घेऊन.
चार-पाच पावत्या चाळल्या, एकीवर थांबला.
"हा सुळका तर आपण दोन वर्षांमागं उडवला. पळसासकट."
मी म्हणालो, हो की.
"मग?"
हात गेला तिकडं, म्हणालो.
तो केळं सोलत बसला, खाल्लं नाही.

खदाणीतून मुनिमाचा फोन :
पावत्या पाठवा, महिना बंद करायचाय,
पावती नाही तर फेरी नाही.
बायको घेऊन गेली.
अंगठा ओला करून त्यानं मोजायला घेतल्या,
चाळिसाव्याला एक उलटी निघाली.
"हे काय?"
डोंगर, ती म्हणाली.
"कुठला डोंगर?"
तिनं त्याच्या पाठीमागं बोट दाखवलं.
तो वळला नाही म्हणे.
पण पुढच्या सगळ्या
दोन्ही बाजूंनी बघून मोजल्या.

एकशे सदतीस फेऱ्यांचे पैसे आले.
फेऱ्या एकशे अडतीस होत्या.
ती एक पत्र्याच्या भिंतीला चिकटवलीय, भाताच्या शितानं.
सुळका आहे तिच्यावर, पळस आहे,
पळसाला दिव्यानीचा गुलाबी, कारण केशरी संपला होता.
अठरा टन चारशे किलो,
गाडी नंबर, माझी सही,
हे सगळं भिंतीकडे तोंड करून आहे.