छाट

एका रिक्षात सात मुलं, आठवी मी,
विडी घरकुल ते सात रस्ता.
कारखानदाराने मुलीच्या लग्नाच्या आनंदात
बालवाडीला दिलेली कुपनं
माझ्या मुठीत ओली झालेली.
ऊन मार्चमधलंच, पण सोलापूरचं.

काच ढकलायची की ओढायची
यात दारातच वेळ गेला.
आत गारवा. बिरूने चपला काढल्या,
त्याचं बघून सगळ्यांनी.
टोपीवाला पोरगा म्हणाला, असू द्या, असू द्या,
पण फरशी थंडगार होती, ऐकतंय कोण.

मग ते आलं, कागदात गुंडाळलेलं.
चरणने वरचा पाव उचलून ठेवला,
मग पान, मग टिक्की,
पांढरं काहीतरी होतं ते बोटाने निपटलं,
सगळं ओळीने मांडलं आणि मला विचारलं,
"बाई, ह्यातलं बर्गर कुठलं हाय?"

मला सांगता येईना.

अलिना ओरडली, "पाणी चावलं!"
आणि पुन्हा जीभ बुडवली, चावून घ्यायला.
शिवलीलाने शेंगाचटणी मागितली.
टोपीवाल्याने लाल पुडी दिली, तिने चाखली
आणि त्याच्याकडे असं पाहिलं
की त्याने तिला भर दुकानात फसवलंय.
"चटणी गोड कशी आस्तीय?"

मी एक वाक्य तयार ठेवलं होतं
पर्यवेक्षिकेला सांगायला:
मुलांना शेवटी आपली भाकरीच आवडते, वगैरे.
बिरूने स्वतःचा संपवला,
चरणचा सुटा सुटा संपवला,
आणि उद्या पण यायचं का म्हणाला.
वाक्य राहिलं.

श्रीनिधी यमुल काही खात नव्हती.
ट्रे तिने मांडीवर घेतला होता, सुपासारखा.
टिशूचे चौकोन फाडले, सारखे,
एकेका चौकोनात एकेक बटाट्याची कांडी,
अंगठ्याने वळवली,
नखाने तोंड मिटवलं,
शेजारी ठेवली. पुढची घेतली.
पाच वर्षांची बोटं, नजर दुसरीकडेच,
तिची अम्मा बोलता बोलता वळते तशी.
"ओकटी, रेंडू, मूडू,"
ओठातल्या ओठात.

अठरावर तिच्या कांड्या संपल्या.
ती थांबली.
मग जुनैदने आपल्यातल्या तीन सरकवल्या,
अलिनाने दोन, एक अर्धी खाल्लेली
ती परत घेऊन दुसरी दिली.
चरणने दोन.
का, असं कुणी विचारलं नाही.
पंचवीस झाल्याशिवाय कट्टा बांधत नाहीत
हे त्या टेबलावर सगळ्यांना माहीत होतं,
टोपीवाला सोडून.

फ्रॉकच्या दुमडीतला दोरा ओढून
तिने कट्टा बांधला, समोर धरला,
डोळा बारीक केला
आणि दोन वाकड्या उपसून
माझ्यापुढे टाकल्या.
"ह्या छाट."

मी त्या खाल्ल्या.
गार झालेल्या, खारट,
टिशू दाताला चिकटला.
सांगायचं तर माझीही पहिलीच वेळ.
बरं लागलं.
आणखी दोन वाकड्या निघाल्या असत्या
तर माझी हरकत नव्हती.

परतीला जुनैदने एवढी मोठी ढेकर दिली
की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.
अशोक चौकापर्यंत सगळे
खोट्या ढेकरा काढत होते.

घरकुलात दारात तिची आई,
पुढ्यात सूप, बोटं चालूच.
श्रीनिधीने कट्टा दिला.
तिने तो उघडला नाही,
हे काय आहे म्हटलं नाही,
नुसता तळव्यावर एकदा वर-खाली केला.

"तेवीस," म्हणाली.

"दोन छाट निघाल्या," श्रीनिधी म्हणाली,
"बाईनं खाल्ल्या."