अकरा सेकंद

गाणी नकोत, हे पहिल्याच बैठकीत ठरलेलं.
गाणी सगळ्यांचीच असतात,
वरातीची, रिक्षांची, गड्ड्यावरच्या पाळण्यांची.
आम्हाला हवं ते गाण्यांच्या मधलं:
कुणी जिना चढतं तेव्हाचं,
कुणी पत्र न फोडताच फळीवर ठेवतं तेव्हाचं,
ज्याला शब्द नसतात
आणि थेटरातून निघताना जे कुणीच गुणगुणत नाही.

सुट्टीच्या वारी माग गप्प असतात.
साखर पेठेत, चिलवेरींच्या शेडमध्ये
धोट्यांच्या खोक्यावर रेकॉर्ड प्लेअर.
सुईवर सुताचा बुरा बसतो,
अंबादास तो फुंकतो, बशीतल्या चहावर फुंकावं तसा.
तीस वर्षांच्या खडखडाटानं त्याचा डावा कान गेलाय,
उजवा आमच्या सगळ्यांपेक्षा तिखट.

"व्हायोलिनं जास्त झाली," संगमेश हत्तुरे म्हणतो,
"बाई रडतीय ते दिसतंय की, परत कशाला सांगायचं?"
"तुला काय कळतंय बे,
ती व्हायोलिनं तिच्यासाठी नाहीतच,
दारामागं उभ्या सासऱ्यासाठी हायेत."
सासरा? कुठला सासरा?
तो पडद्यावर येतच नाही.
"म्हणून तर," अंबादास म्हणतो.

मी ढोलकापाशी अडते. माझ्या मते
पाठलागात ढोलक नको होता,
नुसत्या चपलांचा आवाज पुरला असता.
यावर दीड तास गेला. शेंगाची चटणी संपली,
कडक भाकरीचे तुकडे तेवढे उरले.

नागमणीअक्का मत देत नाही.
मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं,
विड्या वळत बसते.
वाईट संगीत असलं की तिची बोटं भरभर चालतात,
बरं असलं की जरा हळू.
बोटं थांबल्याचं
मी आजवर दोनदाच पाहिलंय.

आज जिन्याचा तुकडा लावला.
बासरी चढते, एका पायरीवर थबकते,
आणि मैनुद्दीनचाचा नदाफ उठून उभा राहिला.
"हे चुकीचं हाय."
चाचा, ही मूळ रेकॉर्ड आहे, पहिल्या छापाची.
"असू दे. एकोणतीस आठवडे चार खेळ
मी चालवलाय हा पिक्चर.
बासरी थबकत नाही. सरळ दारावर थाप पडते."

मग त्यालाच आठवलं.
दुसऱ्या आठवड्यात फिल्म तुटली होती,
दातरी फाटलेल्या,
त्यानंच कापून जोडली होती. सोळा फूट गेली.
एवढ्या मोठ्या गावाला
ती बाई अकरा सेकंद लवकर दारात पोचली
आणि कुणी तक्रार केली नाही.

संगमेश हसला. मग हसायचा थांबला.

"तुकडे घरी नेले," चाचा म्हणाला,
"पोरीनं खिडकीच्या गजांना बांधले.
फिल्मच्या कडेला एक पांढरी रेघ असते, माहितेय ना,
चादरीच्या किनारीसारखी, पण थरथरलेली.
आवाज तिच्यात असतो.
सकाळी दाढी करताना उन्हात ती रेघ दिसायची.
रंग उडाले, रेघ राहिली.
कितीतरी वर्षं बघत होतो.
वाटायचं, ही बहुतेक गप्प जागा असंल."

अंबादासनं सुई उचलली.
"चाचा, तुमचं ऐकू."
बासरी चढू दिली, मग हातानं सुई पुढं ठेवली,
"चरा पडंल बे!" संगमेश ओरडला,
आणि थाप पडली, धाडकन, दारावर.
खरं सांगायचं तर
मला हेच आवडलं. घाईत असलेली बाई.
मी बोलले नाही.

चाचानं मात्र मान हलवली.
"नको. ते मधलं लाव.
पुरं लाव."

लावलं. पायरीवर बासरी थबकली,
बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली,
चाचा डोळे बारीक करून
समोरच्या भिंतीकडं बघत होता,
जणू तिथं काही टांगलेलं आहे.

"सहाशे बारा का सहाशे तेरा?"
अक्कानं एकदम विचारलं.
कुणालाच माहीत नव्हतं.
तिनं सूप खाली ठेवलं
आणि विड्या पहिल्यापासून मोजायला घेतल्या.