एक्केचाळीस दुरुस्त्या

नारायण पेठेत, केळकर रस्त्यापासून दोन बोळ आत,
तळघरातल्या माझ्या टेबलावर
बऱ्हाटेकाकांनी रुमालातली फ्लॉपी सोडून ठेवली,
सोनारापुढे पाटली ठेवावी तशी.
‘हिची आहे. नव्व्याण्णव साली कोर्स केला होता तिनं,
डेक्कनला, साडेतीनची बॅच.’

उघडली, तर आत मराठी नव्हतीच.
Ö Æ ü Â
परमुलखातली मंडळी ओळीत बसलेली,
कुणाच्या डोक्यावर दोन ठिपके, कुणाला टोपी,
कुणी दुसऱ्याला चिकटलेलं.
मी यांना ओळखते.
तेव्हाच्या आपल्या फॉन्टांना स्वतःचं घर नव्हतं,
यांच्याच खोल्यांत पोटभाडेकरू म्हणून राहिले.
दारावर पाटी ठिपकेवाल्याची, आत राहायला आपला र.
फॉन्ट गेला की उरते ती पाटी.

कन्व्हर्टर लावला. चहा येईपर्यंत
प्रमिला बऱ्हाटे मराठीत परत आल्या होत्या:
सव्वासहाची वेल्ह्याची एसटी, दशम्या, लसणाची चटणी,
कुणा गोविंदनं घरीच विसरलेली दोरी.
ऱ्हस्व वेलांट्या तेवढ्या एक घर चुकल्या होत्या.
जुन्या फॉन्टात वेलांटी आधी, अक्षर मग, दिसतं तसं.
आता अक्षर आधी टाकायचं;
वेलांटी मागून येते आणि पुढे जाऊन बसते,
पंगतीतल्या व्याह्यासारखी.

काका पहिल्याच पानावर अडले.
‘बर्हाटे? हे आम्ही नव्हे.’
रफार डोक्यावर चढला होता.
मी सांगितलं, आपला तो पापणीएवढा आडवा र असतो ना,
त्याच्यासाठी र, मग हलन्त, मग एक असं अक्षर
जे दिसत नाही, छापत नाही, ज्याला रुंदीच नाही,
शेजारच्या दोघांना धरून ठेवणं एवढंच त्याचं काम.
नाहीतर खाली टिंबवाला ऱ घ्यायचा. मी तोच घेते,
न दिसणारी अक्षरं ईमेलात गळतात.
‘त्याचे वेगळे पैसे?’
नाही म्हटलं. दुरुस्तीचे पडतात, नगावर.

पुढे तर सगळीकडे पाणीच.
तोरण्याखाली दर्या, राजगडामागे दर्या,
‘दोन खोल दर्या उतरून दुपारी गुंजवणे गाठलं.’
अख्खं वेल्हे बुडालेलं.
मी शोधा-बदला उघडलं.
दर्या जिथे असेल तिथे दऱ्या. सगळे बदला.
एक्केचाळीस बदल झाले, असं यंत्रानं सांगितलं,
आणि डोंगर कोरडे झाले.
एके ठिकाणी ‘भरलेला दऱ्या’ असं उरलं,
तिथे मी ‘भरलेल्या’ केलं.
व्याकरण मला कळतं.

आठ दिवसांनी काका आले, प्रूफ आणि एक वही घेऊन.
वहीत खूण म्हणून पीएमटीचं तिकीट.
‘बुधला माची, पहाटेचं आहे हे.
ती मूळची हर्णैची.
लग्न होऊन खडकीला आली, मग जाणं नाही झालं फार.’
त्यांनी बोट ठेवलं तिथे निळ्या शाईत:
समोर धुक्यानं भरलेला दर्या. आईला कळवायला हवं.
रफार काटकोनात उभा,
शाई तिथे जरा फुटलेली.

चाळीस चुका होत्या. एक नव्हती.
यंत्राला सगळ्या सारख्याच:
र, हलन्त, य, काना.
मला मात्र कळायला हवं होतं,
‘ला’ समोर होता, मीच तो पुसला.

पान सत्तावन्न काढलं. दऱ्या खोडलं.
र. हलन्त. य. काना.
मधे काही घातलं नाही.
काका खुर्चीमागे उभे राहून
‘भरलेला’ असं हळू म्हणाले, ‘ला’वर थांबून.
मग चष्मा वर करून त्यांनी बिल पाहिलं.
‘दुरुस्त्या चाळीसच लावा.’